छबुबाईचं बोट

शिरूर कासारजवळच्या त्या गावात आरोही सकाळपासून शाळेच्या खोलीत बसून बायकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपासत होती. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन दोनच वर्षं झालेली, आणि आकड्यांवर तिचा फार जीव. सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळा निधी ठेवायचा कायदा येऊ घातला होता. त्याच्या मसुद्यात एक कलम होतं: ज्या गावातल्या बायकांच्या अंगात रक्त कमी, तिथं दवाखाना आधी, बाकीच्यांचा नंबर मागून. तिच्या आकड्यांची यादी पंचायतीत लागणार होती, आणि तीच त्यासाठी मुंबईला जाणार होती.

आकडे मात्र फारच चांगले येत होते. बारा पूर्णांक आठ. बारा सात. पुन्हा बारा आठ.

व्हरांड्यात मुकादम बद्रीनाथ खुर्ची टाकून बसला होता. उद्या सकाळी त्याचे ट्रक ऊसतोडीला निघायचे होते. तो कुणाला काही विचारत नव्हता, नुसता येईल त्याला चहा पाजत होता.

“नाव?”

“सत्यशीला,” शालीआडून आवाज आला.

“वय?”

“सव्वीस.”

पुढं आलेलं बोट सव्वीस वर्षांचं नव्हतं. कातडी सुरकुतलेली, आणि टोकावर टोचल्याच्या सहा-सात ताज्या खुणा. आरोहीनं सुई खाली ठेवली.

“मावशी, शाल काढा.”

छबुबाईनं सावकाश शाल सारली. ती तोडीला जात नसे, गावातच म्हशी सांभाळायची. दर खेपेला दुसरीची शाल पांघरून ती आत येत होती.

“कितीदा आलात?”

“मी कशाला मोजू? मोजायचा पगार तुमाला हाय.” ती हसली. “दुधातुपाचं रगत हाय बाई. कमी न्हाई पडायचं.”

“पण कशासाठी हे?”

हसू गेलं. “यादी पंचायतीत लागनार म्हनं. भाईर बसलाय त्यो वाचनार. कोयता म्हंजी नवरा-बायकूची जोडी. बाई दुखनाईत दिसली की जोडी मोडली.”

मागच्या दारानं छबुबाईनं खऱ्या सत्यशीलेला आत घेतलं. चार पायऱ्या चढून आली तरी तिला धाप लागली होती. आरोहीनं तिची खालची पापणी बोटानं ओढली. आत लाली नव्हतीच. यंत्रानं आकडा दाखवला: पाच पूर्णांक नऊ.

“हे लिहायलाच हवं,” आरोही म्हणाली. “अशा अंगानं ऊस तोडलास तर काळीज बंद पडेल. उद्या माझ्याबरोबर बीडच्या रुग्णालयात चल. आणि हा आकडा वर गेला तर कायदा झाल्यावर इथं दवाखाना होईल.”

“कायदा कदी व्हनार, ताई?”

“हिवाळी अधिवेशनात मांडतील. मग समिती, मग...”

“ट्रक उद्या हाय.” सत्यशीला बोलली ती अगदी हळू. “माज्या जागी दुसरी बाई घालंल त्यो. माज्या नवऱ्यासंगं, सा म्हैनं एका कोपीत, एका छपराखाली. मंग आल्यावर मला घरात कोन घील?”

आरोहीनं पिशवी उघडली. तिनं आधीच्या पाच गावांचे तक्ते काढले. बारा सहा, बारा सहा, बारा पाच. दुसऱ्या गावात तेरा एक, तेरा शून्य, तेरा एक. यंत्र किती पक्कं चालतंय म्हणून ती खूश झाली होती. गावागणिक एक छबुबाई बसली होती.

“झालं का म्याडम?” बाहेरून बद्रीनाथनं विचारलं. “यादी आजच लावताव न्हवं?”

सत्यशीला तिच्या पेनाकडं बघत होती. आरोहीनं बारा आठ लिहिलं.

सकाळी ट्रक भरला तेव्हा ती लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन गेली. सत्यशीला फळीवर पाय ठेवून चढू लागली, घसरली, दुसऱ्यांदा नवऱ्यानं ओढून घेतली. छबुबाईनं खालून बोचकं दिलं. तिच्या बोटाला चिंधी होती.

“लई चांगलं रगत निघालं आमच्या गावाचं,” बद्रीनाथ आरोहीला म्हणाला. “आता हितं दवाखाना कशाला पायजे?”

ट्रक सुरू होऊन जागीच घरघरत होता. सत्यशीलेनं गोळ्यांचं पाकीट बोचक्यात खुपसलं आणि डोकं ऊसतोडीच्या कोयत्यांशेजारी टेकवलं. ट्रक हलेपर्यंत आरोही तिचे श्वास मोजत राहिली. एका मिनिटात बत्तीस, निरोगी माणसाच्या दुप्पट. बसल्या जागी.