डीओ कोणी पाडला

बाबा गेले तेव्हा त्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद होतं. त्या दुपारी लाइन गेली होती, एवढंच सगळे सांगतात. कशानं गेली, ते कोणी सांगत नाही.

माझा संशय डेटा सेंटरवर होता. पिंपळगाव राजाच्या अलीकडे ते सुरू झाल्यापासून आमच्या गावात व्होल्टेज टिकत नाही. पण लाइनमन सकलैनभाई भेटायला आले आणि चहा तसाच धरून म्हणाले, "ताई, त्या दिवशी वरून सप्लाय चालूच होता. कसम से."

म्हणजे गावातलंच कोणी. व्होल्टेज पडलं की घरोघरच्या पाण्याच्या मोटारी जळू नयेत म्हणून आमच्याकडे बांबूनं डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज पाडतात. मग अख्खं गाव बंद. भेटायला येऊन ओसरीत बसलेल्या प्रत्येकाच्या हातांकडे मी पाहू लागले. फक्त किसनरावकाकांच्या नाही. ते बाबांचे मित्र. मशीन खामगावहून त्यांनीच आणलेलं.

काका सकलैनभाईंना चिडवत होते, "तुह्या लाइनीवरच्या पंख्यापरीस माह्या म्हशीची शेपटी जोरात फिरते बे."

तेवढ्यात पंखा आणखी मंदावला. शेजारी रुपालीकडची मोटार घुरघुरू लागली. काका बोलता बोलता उठले. "थांबा, पाडून येतो," म्हणत अंगणात उतरले आणि तिथंच थबकले.

"त्या दिवशीही तुम्हीच, काका?"

ते वळले नाहीत. "हाव. तुमच्याकडं इन्व्हर्टर हाये ना, पोरी. म्या म्हटलं मशीन त्याच्यावर चालन."

"तो भरलाच कुठी होता? व्होल्टेजच नव्हतं."

सकलैनभाईंनी कप खाली ठेवला. मी अंगणात उतरून काकांसमोर उभी राहिले. चेहऱ्यात खोटेपणा शोधला. सापडला नाही; तो नाही याची खात्रीही पटली नाही.

मोटारीचा आवाज वाढत होता.

"जा काका. जळन तिची मोटार."

"मले नाही होत आता."

सकलैनभाई निघाले. मीही त्यांच्यामागून डीपीपर्यंत गेले. त्यांनी बांबू उचलला, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि गल्लीकडे तोंड करून ओरडले, "कोणाच्या घरी मशीन लावलेलं हाये का? लाइन बंद होऊन राह्यली!"