आईच्या खोलीची फरशी

“हे अनवाणी कोण चालतंय रे घरात?” कॅमेऱ्यावरची नजर न काढता यतिनने विचारलं.

विश्रामने आधी स्वतःच्याच पायांकडे पाहिलं. जाड लोकरी सपाता. ओट्याशी उभ्या बायकोच्या, सुनीतीच्या पायात मोजे, वर स्लिपर. खुद्द यतिनच्या बुटांवर निळ्या पिशव्या. इथं परदेशात, गुंगालिनमध्ये, जुलै म्हणजे ऐन हिवाळा; अशात फरशीवर उघडा पाय टेकवणारा माणूस एक तर वेडा असायचा, नाहीतर विश्रामची आई!

आणि आईला जाऊन तर दोन महिने झाले होते.

यतिनचं काम घरातली ऊब कुठून गळते ते शोधायचं आणि हीटिंग बसवून द्यायचं. त्याच्या कॅमेऱ्यात गार ते निळं दिसे, गरम ते नारिंगी. मागची भिंत फोडून विश्राम एक खोली वाढवत होता. उद्या सकाळी तिथं काँक्रीट पडणार. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या, तर आजच ठरवायला हवं. नाहीतर भिंतीवर गरम हवेचा एक स्प्लिट एसी लावला की काम झालं.

खोली आईसाठीच काढली होती, ती असतानाच. मागच्या हिवाळ्यात ती तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि तिसऱ्याच आठवड्यात परत गेली. “घरात कसल्या रे चपला? देव आहेत घरात,” म्हणायची आणि गारठलेले पाय साडीत गुंडाळून सोफ्यावर बसायची. “पुढच्या वर्षी करू काहीतरी,” विश्राम म्हणाला होता. ऑफिसात फायली पुढे ढकलायची सवय, मेल्यानं आईलाही ढकललं पुढच्या वर्षावर!

“आता कशाला रे नळ्या?” सुनीती हळूच म्हणाली. “स्प्लिटने भागेल. तुझी स्टडी होईल तिथं.”

आज सकाळपर्यंत त्यालाही ते पटत होतं.

“आण बघू इकडे.” त्यानं कॅमेरा हातात घेतला. निळ्या फरशीवर लहान लहान नारिंगी पावलं. देवघरापासून निघालेली, फोडलेल्या भिंतीवरच्या प्लास्टिककडे चाललेली. उजव्या पावलाची करंगळी कुठंच उमटली नव्हती. आईची ती करंगळी जन्मापासून वर उचललेली.  बघता बघता मागची पावलं विझली आणि पुढे, प्लास्टिकच्या अगदी कडेला, दोन पावलं शेजारी शेजारी उमटली. ती मात्र विझेनात. आई तिथं उभी होती, खोली व्हायची वाट बघत.

“रिफ्लेक्शन असेल, मेट,” यतिन म्हणाला. पण तो मागे सरकला होता.

सुनीतीने कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं.  मग म्हणाली, “नळ्याच घाल रे यतिन. आईंना गार सोसत नाही.”

विश्रामनं तसाच एक कॅमेरा विकत आणला आणि तो घेऊन रोज सकाळी त्या प्लास्टिकपाशी जायचा. सुतार आले, रंगारी आले, दार बसलं. पावलं तिथंच, जोडलेली. भीती वाटायची बंद झाली आणि सवय लागली. ऑफिसला निघताना “येतो गं,” म्हणायचीही सवय लागली.

पुढच्या मे महिन्यात, वर्षश्राद्धाच्या दिवशी, यतिनने हीटिंग सुरू करून दिलं.

विश्राम कॅमेरा घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. दोन पावलं हलली. आत एक पाऊल पडलं, मग दुसरं, अगदी सावकाश, कुणाच्या नव्या घरात शिरावं तशी. चौथ्या पावलाला ती खिडकीपाशी पोचली. तोवर खालची निळाई जांभळी झाली, तांबूस झाली, आणि मग सगळी फरशीच नारिंगी झाली. पावलांएवढीच गरम. पावलं कुठली आणि फरशी कुठली, काही कळेना.

त्यानं कॅमेरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. कोपरे पाहिले.

“दिसतायत का रे?” मागून सुनीतीनं विचारलं.

“नाही,” विश्राम म्हणाला. त्यानं कॅमेरा खाली ठेवला, उंबऱ्याबाहेर सपाता काढल्या आणि अनवाणी पाय आत टाकला.