दोन नंबरचं बटण

बायकोचा पाय प्लास्टरमध्ये, ती वरच्या मजल्यावर पलंगावर. आणि नवऱ्याचं चष्म्याचं दुकान खाली. तिला काही लागलं तर एक बटण दाबून दुकानात फोन लागावा, एवढंच चष्मेवाल्याच्या मनात होतं. म्हणून दुकान उघडायच्या आधी तो तिच्या उशाशी कॉर्डलेस घेऊन बसला.

माहितीपत्रकातली अक्षरं मुंगीएवढी. भिंग लावून त्याने वाचलं, दुकानाचा नंबर टाकला, आणि पुढे काय ते बघायला पुन्हा मान खाली घातली. तेवढ्यात फोनने वाट बघायचं सोडून दिलं. नंबर गायब. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने घाई केली, तर पडद्यावर आलं, जागा नाही.

"एखादा जुना पुसा ना," बायको म्हणाली.

"तेच करतोय. मध्ये बोलू नकोस."

पुसायचं का, फोनने विचारलं. त्याने हो दाबलं. सगळे? त्याच झपाट्यात तेही हो. पीं करून लांब आवाज झाला.

बायकोने फोन हिसकावून घेतला. "लेकीचा कुठाय? डॉक्टरांचा? अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे नसते उद्योग करायला!"

"पाठ असतील की तुला."

"एकच पाठ आहे. ताईचा. तिच्याकडे बाकीचे सगळे मिळतील."

चष्मेवाल्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. थोरल्या मेहुणीशी त्याचा अबोला होता. डोकं दुखतं म्हणून ती दुकानात आली होती, आणि याने चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं, "डोळे ठणठणीत आहेत. जिभेला जरा विश्रांती द्या."

"तूच विचार तिला."

"पुसलेत तुम्ही, मागा तुम्ही."

त्याने फोन लावला. मेहुणीने सगळं ऐकून घेतलं आणि पोटभर हसली. मग म्हणाली, "देते की नंबर. पण भाऊजी, मी दुसरीकडे चष्मा केला हं. डोकं दुखायचं थांबलं."

"नंबर सांगा," तो दात आवळून म्हणाला.

"आधी म्हणा, चुकलं."

"चुकलं."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं!" तो एवढ्या जोरात ओरडला की बायकोने तोंडावर चादर ओढून घेतली. चादर हलत होती.

मेहुणीने एकेक नंबर दोन-दोनदा सांगितला, ढ पोराला पाढे सांगावेत तसा. त्याने सगळे फोनमध्ये भरले, शेवटी दुकानासाठी दोनचं बटण दाबून धरलं. या वेळी फोनने निमूट ऐकलं. "दोन दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही," असं बायकोला बजावून तो खाली गेला. पायरीवर गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं.

गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवतोय न बसवतोय तोच दुकानातला फोन वाजला.

"लागला ना?" त्याने जरा ऐटीतच विचारलं.

"लागला की, पण मला," पलीकडून मेहुणी म्हणाली. "दोनवर तुम्ही माझाच नंबर घातलाय. तिला पाणी हवंय. वर जा."

त्याने रिसीव्हर आपटला, गिऱ्हाइकाला "बसा" म्हणाला आणि जिना चढू लागला. अर्ध्या जिन्यातच खाली फोन पुन्हा वाजायला लागला.