उचलून दाखव

या मंडळी, असे जवळ सरका. एका आडव्या पडलेल्या मोटारसायकलची गोष्ट सांगतो.

अंगणात ती पडली होती. पडली कसली, नर्सबाईंनी स्वतःच ढकलली होती. "उचलून दाखव. मग भाव बोलू."

गिऱ्हाईक होता विजेच्या तारा जोडणारा, हडकुळा तारवाला. "बाई, मी जुनी गाडी घ्यायला आलोय, कुस्ती खेळायला नाही."

"डोंगरात ही पडते तेव्हा चिटपाखरू नसतं आजूबाजूला. मग काय, हिच्यासमोर हात जोडून बसशील?"

पायाला भिंगरी असलेली बाई ती. अकरा वर्षं याच हलक्या, उंच गाडीवरून खडकाळ वाटा तुडवत त्यांनी बाळंतपणं केली. पडल्या किती, मोजदाद नाही. उचलायची, पुढे निघायचं. त्या वर्षी मात्र ओढ्याकाठी गाडी पडली आणि उचलेना. अर्धा तास झटल्या. वरच्या वस्तीवरचं मूल त्यांच्याआधीच जगात पोचलं. देवाची कृपा, मायलेकरू सुखरूप. पण बाईंच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. गाडी विकायला काढली, तरी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. एकाला फोटोपुरती हवी होती, दुसऱ्याने उचलायला मेहुण्याला हाक मारली.

तारवाल्याने हँडल धरून हिसका दिला. गाडी ढिम्म.

"कंबर मोडशील मेल्या! पाठ लाव तिला. बस खाली. आता पायांनी रेट. हळू... बाळ ओढून काढत नाहीत, येऊ देतात."

गाडी उभी राहिली. तो लाजून हसला. "वादळात तारा तुटतात तिथं जीप जात नाही, बाई. ही जाईल."

भाव ठरला. बाई किल्ली मुठीत धरून येरझाऱ्या घालत राहिल्या.

"एकदा पुन्हा आडवी कर."

त्याने केली. बाईंनी बाह्या सारल्या, पाठ लावली, रेटलं. गाडी वीतभर उठली, थरथरली. तारवाला धावला नाही. पाठ फिरवून हेल्मेटचा पट्टा उगाच सोडत-लावत राहिला. मागे गाडी सावकाश जमिनीला टेकली.

बाईंनी धूळ झटकली. किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे. आता तू उचल."

अजूनही रस्त्यावर इंजिनाचा आवाज आला, की त्यांचे पाय चपला शोधतात. मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बाईंची आठवण असू द्या.