वाजतं त्याचे चोवीस

बेंजो पार्टीत गिटार वाजवणं म्हणजे मासळीबाजारात कानगोष्टी सांगणं. उरणच्या प्राप्तीला हे तीन वर्षं कळत होतं, पण परवा चुलतभाऊ निकेतने तोंडावरच सांगितलं. लग्नाहळदीत वाजवणारी ती पार्टी त्याची होती. "रविवारच्या हळदीला तुझी गिटार ऐकू आली न्हाय, तर मी कीबोर्डवाला आणनार."

प्राप्ती हट्टाला पेटली. मांडवातली आपली जागा ती कुणाला देणार नव्हती. अलिबागला व्हॉल्व्हचं एक हेड विकायला होतं. हेड म्हणजे बुटांच्या खोक्याएवढा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर. स्पीकर त्याला वेगळा लावायचा. त्याचा आवाज बेंजोलाही दबत नाही. मागणी अठ्ठावीस हजारांची. महिनाभर भाव काढून तिने ठरवलं होतं, चालू हेडचे चोवीस रास्त. वर एक रुपया द्यायचा नाही.

सोबत सगुणाकाकी होती. हेड वाजवून बघायला प्राप्तीने गिटार आणि आपली स्पीकरची पेटी बरोबर घेतली होती; करंजाच्या लाँचमध्ये ती पेटी चढवायला दुसरा हात हवा होता, आणि काकीचा हात मासळीच्या टोपल्या उचलून घट्ट झालेला. पण हाताबरोबर काकीची सवयही आली. समोरच्याने सांगितलेल्या भावाचे निम्मे करायचे आणि त्याहूनही कमी मागायचे, हा तिचा धर्म.

विकणारे रामचंद्रराव कोर्टातून निवृत्त झालेले. मुलगा बंगळुरूला गेला, हेड घरीच राहिलं. त्यांनी भाव सांगितला मात्र, प्राप्तीने तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, "बारा."

रामचंद्ररावांचा पारा चढला. "बारा? भंगार वाटलं काय? थांबा, चालू करूनच दाखवतो!" त्यांनी वायर भिंतीत खुपसली आणि बटणाकडे हात नेला.

प्राप्तीने त्यांचं मनगटच धरलं. "काका, नको! स्पीकर जोडल्याशिवाय हे चालू करायचं नसतं. आतला ट्रान्सफॉर्मर जळेल."

त्यांनी हात मागे घेतला. तिने पेटी जोडली. व्हॉल्व्ह तापू दिले, मग गिटारवर हळदीच्या गाण्याची चाल छेडली. खिडकीची तावदानं थरथरली, शेजारच्या बंगल्यातला माळी कुंपणाशी येऊन उभा राहिला. प्राप्तीला रडूच आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःची गिटार नीट ऐकू आली होती.

डोळे पुसून ती म्हणाली, "चोवीस. असल्या हेडला तेवढेच पडतात, हे बघा." तिने मोबाईलवर तीन ठिकाणचे भाव दाखवले. "वर एक रुपया नाही."

रामचंद्ररावांनी चष्मा लावून तिन्ही वाचले. "तू गप्प बसली असतीस," ते म्हणाले, "तर जळलेलं हेड मला बारालाच द्यावं लागलं असतं. ने चोवीसला."

रेवसच्या धक्क्यावर दोघींनी पेटी पुन्हा लाँचमध्ये चढवली. लाँच सुटली तसं काकीचं तोंडही सुटलं. "जळू द्यायचं व्हतंस गो! म्हातारा सोताच बोलला, बाराला मिळालं असतं."

"आणि रविवारी काय वाजवू, काकी? तुझी टोपली?" हेड मांडीवर घट्ट धरून प्राप्तीने निकेतला फोन लावला. "मिळालं. कीबोर्डवाल्याला नको म्हणून सांग."

"आधी ऐकू तर दे, मग बघू," निकेत म्हणाला.

काकीने फोन हिसकावून घेतला. "मी आयकलंय. चोवीस हजार मोजून आणलंय. रविवारी पोरीला मांडवात पुढं उभी करायची, कळलं?"