आपोआप जळणाऱ्या चादरी

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी आपोआप जळत, अभ्रे आपोआप फाटत, बटणं आपल्या मर्जीनं तुटत. निदान रजिस्टरात तरी तसंच असे: चादर जळली. कुणी जाळली, ते ना कुणी लिहिलं, ना कुणी विचारलं.

नवे व्यवस्थापक आले आणि फर्मान निघालं. नोंदी इंग्रजीत, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माणूस हवा. महिनाअखेर जिचं रजिस्टर चोख, ती मुकादम.

इस्त्रीच्या यंत्रावर दोघी जावा होत्या. इंग्रजीचं नाव काढताच धाकटीनं हात टेकले. थोरली मात्र लेकीसमोर पाटी घेऊन बसली. मुकादम झालं की दिवसभर वाफेत उभं राहणं सुटणार होतं, आणि तिचे गुडघे कधीचे कुरकुरत होते.

लेक म्हणाली, आय म्हणजे प्रथम पुरुष.

"मी बाई असून?"

"व्याकरणात चालतं गं."

मग यू आला. तू, तुम्ही, आपण, सगळे एकाच टोपलीत. साहेबालाही यू, मांजरालाही यू. थोरलीला ते सोयीचं वाटलं. जे बोलण्यात नाहीत, नुसते ज्यांच्याविषयी बोलायचं, ते ही, शी, दे. आणि आय ओळीत कुठंही येवो, मोठाच लिहायचा.

"भारीच शेफारलाय," थोरली म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, सहा चादरी करपल्या. चादरी यंत्रात सोडत होती धाकटी. पण काम लवकर उरकावं म्हणून तासाभरापूर्वी उष्णतेचा खटका दोन घरं वर सरकवला होता थोरलीनं, आणि सांगायचं राहून गेलं होतं. धाकटी कपाळाला हात लावून बसली. आपल्याच हातून झालं, असं ती धरून चालली होती.

थोरलीनं रजिस्टर उघडलं. शी लिहायला तीनच अक्षरं. धाकटीला ती वाचता येणार नव्हती. पेन बराच वेळ कागदावर अधांतरी राहिलं.

मग तिनं एक उभी रेघ ओढली, ताठ, आणि तिच्या डोक्याला-पायाला एकेक आडवी. पुढं शब्दाला शब्द जोडत खटक्याचं सगळं लिहिलं.

धाकटी मागं येऊन उभी राहिली.

"जाऊबाई, यात मी कुठं आहे?"

"तू यात नाहीस. खटका मी वर केला होता."

करपलेल्या चादरींच्या धाकटीनं नीट घड्या घातल्या.

महिनाअखेर मुकादम तिसरीच कुणी झाली. थोरली यंत्राशीच राहिली. फक्त भिंतीकडचं एकुलतं स्टूल आता रोज सकाळी तिच्या बाजूला आलेलं असे.