सहा किलोची इस्त्री

तुळसीनं तो हिशेब करायलाच नको होता. आइस हॉकीचा एकशे सत्तर ग्रॅमचा पक, म्हणजे रबरी चकती, ताशी शंभर किलोमीटर वेगानं आला, तर त्याचा मार अप्पांची सहा किलोची कोळशाची इस्त्री कमरेच्या उंचीवरून पायावर पडावी तेवढा. तेव्हापासून पक येताना दिसला, की ती गोल सोडून बाजूला व्हायची. बंगळूरला चौदा गोल असेच झाले.

आज बंगळूरचा तोच संघ म्हैसूरला आला होता. बोगादीच्या एका रिकाम्या कोल्ड स्टोरेजमध्ये फरशीवर पाणी सोडून बर्फ केला होता. जाड दार बंद झालं.

"आज सरकलीस तर संघ मोडला म्हणून समज," कर्णधार नागरत्ना म्हणाली. "गोलात उभं राहायला दुसरं आहे कोण?"

तुळसीचे पॅड तिच्या अप्पांनी, हणमंत शिंप्यांनी, गणवेशाच्या उरलेल्या खाकीतून शिवले होते. तिनं स्पंज सांगितला होता. "स्पंज बेडा, नको," अप्पा म्हणाले, "कापूस म्हणजे कापूस."

पूर्वार्धात ती चारदा सरकली, चारदा ओलसर बर्फावर आपटली. चार गोल. बर्फावरचं पाणी कापूस पीत गेला. मध्यंतरात ती कडेला अप्पांशेजारी गार हवेच्या झोतात बसून राहिली आणि उठायला गेली तर गुडघे वाकेनात. पॅड गोठून फळ्या झाले होते.

"अप्पा, हलताच येईना."

"मग सुम्मने, गप उभी राहा. माप देताना राहतात तशी."

संघातल्या दोघींनी तिला कपाटासारखं ढकलत गोलात नेलं. पक आला. तिनं डोळे मिटले. ठक्क. लागलं नाही. पुन्हा ठक्क. भीती तेवढीच होती, फक्त तिला पळायला पाय नव्हते. एक पक तिच्या फळीवरून असा उडाला, की नागरत्नानं तो थेट पलीकडच्या गोलात घातला.

शेवटच्या मिनिटात नवव्या फटक्याला उजव्या पॅडमधला बर्फ कडकन तडकला. गुडघा वाकला. आता सरकता येत होतं. समोरून बंगळूरची उंच मुलगी काठी उगारत येत होती. तुळसीला इस्त्री आठवली. तिनं तोच गुडघा बर्फावर टेकला.

चार-एक. हरल्या.

"पाय दुखतोय?" नागरत्नानं विचारलं.

"खूप."

"बंगळूरला नव्हता दुखला."

"तिथं लागलंच कुठं होतं?"

अप्पा खाली बसून तडकलेला पॅड चाचपत होते. "अजून पाव किलो कापूस बसेल यात," ते म्हणाले.